गोल शिक्का नसलेलं पत्र

सन दोन हजार अठरा. मला तेव्हा सहासष्टावं लागलं होतं. वाशीमजवळच्या मालेगावात तहसीलसमोरच्या गल्लीत माझं रबरी शिक्क्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. शिक्षण चौथी पास, तीही गुरुजींनी दया केली म्हणून. पण आमच्या भागातल्या कितीतरी हापिसांत कागदावर जो शिक्का बसला तो माझ्या हातचा होता, हे मी कोणासमोरही छाती काढून सांगतो.

सगळी चाळीस वर्षं सांगत बसत नाही. हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांनी पानं मोजून दिली आहेत. एकच हकिकत सांगतो, आणि तिच्यात मी शहाणा ठरत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

दसरा होऊन गेला होता. दुपारच्या वेळी एक मुलगी आली. पंचविशीची, पाठीला बॅग, उभं राहण्यातही घाई.

"काका, शिक्का करून पायजे. कॉलेजातल्या विभागप्रमुखाचा."

"पत्र आणलं?"

"कायचं पत्र?"

"प्राचार्यांचं. आमच्या कॉलेजले शिक्का करून द्या, असं. छापील कागदावर, सहीनिशी."

"अवो काका, मी तिथंच शिकवते. तासावर हाये, पण तिथंच हाये."

"तू बाई दिल्लीच्या दरबारात शिकवत असशीन. पत्राबिगर शिक्का नाही."

"दहा मिनिटांचं काम हाय तुमचं!"

"काम दहा मिनिटांचंच हाय. भोगणं जन्माचं असते."

ती पाय आपटत गेली. मी चष्मा पुसला आणि पुढच्या कामाला लागलो. मला अशी माणसं रोज भेटत.

बाहेरच्या माणसाला शिक्का म्हणजे टिकली लावण्यासारखं वाटतं. तसं नाही. आमच्या काळी शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक करून चौकटीत लावायचे, तेही उलटे, उजवीकडून डावीकडे, आरशात दिसतात तसे. त्याचा साचा काढायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवायचं, तापलेल्या दाबाखाली शिजवायचं. गंधकाचा असा वास सुटे की शेजारचा चहावाला शिव्या घाली. मग रबर सोलून, कातरून, लाकडी मुठीला चिकटवायचं. एक काना राहिला की सगळं पहिल्यापासून. मी शाळेत सरळ अक्षर धड शिकलो नाही, पण उलटं अक्षर मला असं येत होतं की मुख्याध्यापक लोक पाहायला थांबत. पुढं मशीन आलं. संगणकावर जुळवा, लाईट मारा, शिक्का तयार. मशीन मीही घेतलं, पण घेतल्यावर आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही.

गिऱ्हाईकही एकेक. एका गड्याला निवडणुकीच्या निकालाआधीच 'सरपंच' असा शिक्का पाहिजे होता. म्हटलं, निकाल लागू दे. म्हणाला, "भाऊ, तुमचा भाव वाढन ना तवा!" पडला तो. पोहरादेवीच्या यात्रेत जेवणावळ घालणारे एक बुवा आले, त्यांना भांड्यांवर मारायला शिक्का पाहिजे होता. पितळेवर शाई टिकत नाही, हे मी त्यांना तासभर समजावलं. शेवटी ते म्हणाले, "तुमी श्रद्धेनं करा, टिकन." केला. नाही टिकला. माझ्या श्रद्धेतच कमी होतं म्हणे.

पण पत्राशिवाय शिक्का नाही, हा माझा नियम हसण्यातून आलेला नाही. मी पस्तिशीत असताना एक सफारी घातलेला माणूस आला. गोड बोलला, चहा पाजला आणि एका खात्याचा गोल शिक्का करून घेऊन गेला. पत्र मागाहून आणून देतो म्हणाला. मी सुंदर शिक्का केला. सहा महिन्यांनी पोलीस आले तेव्हा कळलं की त्या शिक्क्यानं नोकरीचे खोटे आदेश निघाले होते. कामरगावकडची तीन पोरं ते कागद घेऊन नागपूरला हजर व्हायला गेली होती, नवे कपडे शिवून. त्यांतल्या एकाचा बाप माझ्या दुकानी येऊन बसला. शिवी दिली नाही, काही नाही. तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "अक्षर लय चांगलं काढलं भाऊ तुमी." पोलिसांनी मला सोडलं. त्या वाक्यानं अजून सोडलं नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. एक तो नियम. दुसरी म्हणजे खरा शिक्का कोणता, खोटा कोणता, याचा अभ्यास. शाई, कड, अक्षरांतलं अंतर, जावक नंबर. लोक कागद घेऊन येऊ लागले, "भाऊ, पाहून द्या बरं." एकदोनदा पोलिसांनीही विचारलं. मी पैसे घेत नव्हतो. पण मान घेत होतो, आणि मानाची सवय विडीच्या सवयीपेक्षा वाईट.

तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन आली. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. आता जन्मपत्रिकाही पायजे का?"

मी पत्र वाचलं, सही पाहिली, बसायला स्टूल दिलं. नाव वनिता. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, पोहरादेवीच्या अलीकडं फाटा आहे तिथली. आईबाप तीन एकर कोरडवाहू करून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. ही एमएस्सी झालेली, मालेगावात खोली करून राहत होती.

"जुना शिक्का काहून चालत नाही?" मी विचारलं.

तिनं एक कागद काढला. विभागप्रमुखाचा जुना शिक्का इतका घासला होता की नुसती शाईची पुरी उठत होती. तो कागद तिनं परदेशातल्या एका विद्यापीठाला पाठवला होता आणि त्यांनी उलट कळवलं होतं की हे कोणाचं प्रमाणपत्र आहे ते वाचता येत नाही.

"कायले पाठवते तिकडं कागद?"

"पीएचडी करायची हाय, काका. डॉक्टर व्हायचं."

"सुया टोचणारी?"

"नाही वो. सोयाबीनच्या मुळाले गाठी असतात ना? त्या गाठीत जंतू राहते, तो जमिनीले खत देते. त्याच्यावर."

मी म्हटलं, त्या गाठी तर आमच्या इथं शेताशेतात आहेत, त्यासाठी परदेश कशाला? ती म्हणाली, गाठी इथं आहेत, पण त्यांच्या आत पाहायची यंत्रं तिथं आहेत. आणि तिथं फुकट जाता येत नाही. कोणीतरी खर्च उचलला पाहिजे.

शिक्का होईपर्यंत ती सांगत बसली. खर्च उचलणारे तीन प्रकारचे. एक आपलं सरकार, त्याची परदेशी शिष्यवृत्ती. दुसरं तिकडचं विद्यापीठ. तिसरा तिकडचा प्रोफेसर, ज्याच्याकडं एखाद्या कामासाठी पैसा मंजूर झालेला असतो आणि त्याला हाताखाली माणूस पाहिजे असतो. सरकारी शिष्यवृत्तीची तिची फाईल तिच्या बॅगेतच होती. मी मागून घेतली. लोक लग्नाचा अल्बम पाहतात तशी मी ती पाहिली. जात, उत्पन्न, रहिवास, दोन जामीनदार, त्यांच्या जमिनीचे कागद, बंधपत्र. तेवीस शिक्के होते, त्यांतले नऊ माझे.

"अशी फाईल मी जन्मात पायली नाही," मी म्हटलं.

"वापस आली ती."

"काहून?"

"मले ज्या विद्यापीठानं घेतलं, ते जगाच्या यादीत पायजे त्या नंबराच्या खाली हाय. नियम हाय तसा."

नियम म्हटल्यावर मी काय बोलणार? मी नियमाचाच माणूस. पण तेवीस शिक्के वाया गेले याचं मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं. ती तर लगेच दुसऱ्या गोष्टीवर आली होती. रोज रात्री दोन-दोन प्रोफेसरांना पत्र लिहायची, मोबाईलवरून. कोणाला काय काम करायचं आहे ते आधी वाचायचं, मग लिहायचं. साठाच्या वर पत्रं गेली होती. बहुतेकांनी उत्तर दिलं नव्हतं. एका जर्मन बाईनं दिलं होतं. तिच्यासाठीच हे कागद.

मी शिक्का दिला. पैसे घेतले. आशीर्वाद वगैरे दिला नाही, तसा माझा स्वभाव नाही.

दिवाळी झाली आणि चार दिवसांनी एक माणूस दुकानात आला. डोक्याला मुंडासं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न करता जपून आणलेला कागद.

"शिक्केवाले भाऊ तुमीच का? मी परसराम. वनिताचा बा."

"बसा."

"पोट्टी म्हणते, जर्मनीचं पत्र आलं. चार वर्सं ठेवून घेतात म्हणे, वरून पगार देतात. समदे म्हणाले, मालेगावच्या भाऊले दाखव, तो डोळ्यानं सांगते खरं का खोटं. सांगा मले. तुमी म्हणान ते."

इंग्रजी कागद. मला इंग्रजी वाचता येतं ते उलटं, तेही अक्षरापुरतं. पण मला वाचायचं नव्हतंच. मी पाहिलं. वर रंगीत चित्र, ते कोणीही छापतं. जावक नंबर नाही. खाली सही नाही, नुसतं टाईप केलेलं नाव. आणि शिक्का? गोल नाही, आडवा नाही, तारखेचाही नाही. अख्खा कागद विधवेच्या कपाळासारखा, असं मी तेव्हा म्हटलं. आज असं लिहितानाही लाज वाटते, पण म्हटलं ते म्हटलं.

"पैसे मागतले का?" मी विचारलं.

"नाही. उलट देतो म्हणतात."

"मंग तर पक्कं खोटं. परसराम, शिकायचे पैसे आपण देतो का मास्तर आपल्याले देते? कुठं पायलं असं?"

"नाही पायलं," तो म्हणाला.

"पोरीले नेऊन काय करतील, नेम नाही. पाठवू नको."

त्यानं कागद पुन्हा पिशवीत घातला. जाताना माझ्या पायाला हात लावला, पोर वाचवली म्हणून. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. त्या तीन पोरांपैकी एकाचं तरी फेडलं, असं वाटत होतं.

दोन दिवसांनी वनिता आली. स्टुलावर बसली नाही.

"काका, बाले काय सांगतलं तुमी?"

"जे दिसलं ते."

"काय दिसलं? तुमाले इंग्रजी येते?"

"शिक्का नाही त्याच्यावर."

"तिकडं नाही मारत शिक्के! तुमी शिक्का पायला, मी माणूस पायला. तीन खेपा बोलली मी तिच्याशी मोबाईलवर, तोंड पाहून. तिनं मले माया मातीबद्दल विचारलं, तास दीड तास. चोर माती विचारते का?"

"चोर काहीही विचारते. माह्याकडं चोर आला तवा तब्येत विचारली होती."

"आन पगार काहून देतात, ते ऐका. तिथं पीएचडी करणारा पोरगा नुसता शिकत नाही, काम करते. शेतावर सालदार ठेवतो ना आपण? तसं. चार वर्सं तिच्या कामावर राहायचं, त्या कामातूनच आपली पदवी निघते."

सालदाराचं मला पटलं. पण पटलं म्हणून लगेच हो म्हणणारा मी नाही. मी म्हटलं, "खरी असन तर तिले म्हणा, शिक्का मारून पत्र पाठव. खऱ्या माणसाले काय अवघड हाय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. "बा म्हणाला, होकार धाडला तर घरी येऊ नको. तुमचं नाव घेऊन म्हणाला. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचा हाय. शुक्रवारीच त्याईची ऊसतोडीची गाडी निघते. एकदा गेले की सहा महिने. मी होकार देऊ शकते, काका, बोटभर काम हाय. पण मायबाप असे गेले तर मी तिथं जाऊन कायचा जंतू पाहू?"

"मंग माग शिक्का."

आणि खरंच, तिथंच उभं राहून, नाक ओढत ओढत, तिनं त्या बाईला मोबाईलवर लिहिलं. मला वाचून दाखवलं. 'माझ्या वडिलांचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे एक गृहस्थ आहेत. ते चाळीस वर्षांपासून शिक्के बनवतात. शिक्का नसलेलं पत्र ते खरं मानत नाहीत. तुम्ही पत्रावर शिक्का मारून पाठवू शकाल का?' मला वाटलं होतं, ही माझी तक्रार करील. तिनं मला गृहस्थ म्हटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी, मी फळी लावण्याच्या बेतात असताना, ती आली. उत्तर आलं होतं. ती एकेक ओळ मराठीत सांगत गेली.

त्या बाईनं लिहिलं होतं: 'आमच्या विभागात शिक्का नाही. मी इथं इतकी वर्षं आहे, मला कधी लागला नाही. तुझं पत्र आल्यावर मी सगळ्या इमारतीत विचारलं. एकच शिक्का सापडला, ग्रंथालयात, जुनी पुस्तकं काढून टाकताना मारायचा. तो मारून पाठवला असता तर इतक्या लांब कोणाला कळलं नसतं. पण ज्या कामासाठी तो शिक्का नाही, त्या कामाला मी तो मारू शकत नाही. ते गृहस्थ हे समजून घेतील, कारण हा त्यांचा धंदा आहे. त्यांना सांग, मी शाईनं सही करून पत्र पुन्हा पाठवते आहे. वडिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर मी त्यांच्या वेळेला बसेन.'

मी म्हटलं, "पुन्हा सांग. शिक्क्याचं."

तिनं पुन्हा सांगितलं.

मी फळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसलो. खोटा माणूस असता तर त्यानं काय केलं असतं? शिक्का मारला असता. मागितला एक तर दोन मारले असते, एक गोल, एक आडवा. माझ्याकडं आलेल्या सफारीवाल्याला शिक्क्याचीच घाई होती. आणि ही बाई, सात समुद्रापलीकडची, पोरगी रडकुंडीला आलेली माहीत असून, हाताशी शिक्का असून, नाही म्हणत होती. पत्राबिगर शिक्का नाही, म्हणत होती! चाळीस वर्षांत माझा नियम माझ्या तोंडावर मारणारा दुसरा माणूस मला भेटला नव्हता.

"खरी हाय बाई," मी म्हटलं.

"मी काय म्हणून राह्यली होती मंग?"

"तू म्हणत होती. मले आता दिसलं."

"माया बाले फोन लावता?"

"फोनवर नाही. फोनवर चूक कबूल केली तर माणूस म्हणते, पोट्टीनं बोलाले लावलं."

आज मागं पाहतो तेव्हा ज्यांचे आभार मानावेत अशी पुष्कळ माणसं दिसतात. दया करून पास करणारे गुरुजी, गंधकाचा वास सोसणारा चहावाला, टेबलावर कागद ठेवून गेलेला तो बापसुद्धा. पण वनितानं माझ्यावर केले ते उपकार वेगळे. तिला मला बाजूला सारून जाता आलं असतं. चौथी पास म्हातारा, त्याला काय कळतं, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. ती म्हणाली नाही. माझी हेकट अट तिनं एका शिकलेल्या बाईपुढं मानानं मांडली, आणि त्या बाईनंही ती मानानंच घेतली. मला दोघींनी चूक दुरुस्त करायला जागा ठेवली. एवढी जागा मी माझ्या गिऱ्हाइकांना कधी ठेवली होती का, हे आठवून पाहतो, पण आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पहिल्या बसनं वनिताला घेऊन वाशीम, तिथून मानोरा, तिथून जीपनं फाट्यावर, आणि फाट्यापासून पायी तांड्यावर. पोहोचलो तेव्हा गाडी भरून उभी होती. भांडी, गोधड्या, कोयते, दोन शेळ्या आणि वर बसलेली चिल्लीपिल्ली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. परसराम दोर आवळत होता. मला पाहून त्यानं दोर सोडला.

"भाऊ? तुमी इथं कुठी?"

"ते पत्र खरं हाय, परसराम."

"शिक्का आला?"

"नाही आला. येणार नाही. तरी खरं हाय. मी खोटं म्हटलं ती माही चूक होती."

गाडीवरची माणसं खाली पाहू लागली. परसरामची बायको पदर तोंडाला लावून पुढं आली. परसरामनं मुंडासं सारखं केलं. मग म्हणाला, "तवा तुमी पक्कं खोटं म्हणले. आता पक्कं खरं म्हणता. मी कोणत्या भाऊचं आयकू?"

"चूक कबूल कराले तीस कोस आला, त्या भाऊचं आयक."

कोणीतरी वरून म्हणालं, "समदे कोस पायीच तुडवले का म्हाताऱ्यानं बाप्पा!" माणसं हसली. परसराम हसला नाही. त्यानं मुलीकडं पाहिलं.

"चार वर्सं?"

"चार वर्सं, बा. पण मंधात येईन."

"तिथं ऊस तर तोडाले नाही लावणार?"

"नाही. मुळाच्या गाठी पाहाच्या."

"मंग धाड," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून पुन्हा दोर आवळू लागला.

वनितानं मोबाईल काढला. तांड्यावर रेंज नव्हती. ती इकडं धावली, तिकडं धावली, हात वर करून पाहिला. शेवटी तिची आई म्हणाली, "वर चढ ना व! गाडीवर रेंज मियते."

पोरगी चपला काढून चाकावर पाय देऊन चढली, गोधड्यांवरून, भांड्यांवरून, पार टोकावर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला.

"थांब ना बे!" परसराम ओरडला. "पोट्टीचा कागद जाऊन राह्यला!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळा तांडा मान वर करून तिच्याकडं पाहत होता. मीही पाहत होतो, तिच्या चपला हातात धरून.